हाफ की फुल: बंद पडलेले स्प्लेंडरचे इंजिन घरी तपासणे आणि उकलणे

मामांची स्प्लेंडर खंबाटकी घाटात चढणीवर बंद पडली, तेव्हा किक जागची हलत नव्हती. टेम्पोत घालून गाडी घरी आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन पूर्ण गार झाल्यावर किक खाली गेली आणि गाडी सुरूही झाली, पण खालून असा ठोका ऐकू आला की मी लगेच चावी बंद केली. "बोअर-पिस्टन तर आठ महिन्यांपूर्वीच बदललाय," असे मामा पुन्हा पुन्हा सांगत होते (गॅरेजमध्ये बोअर म्हणजे सिलिंडर, ज्यात पिस्टन पुढे-मागे होतो), आणि त्यांचे म्हणणे खरे होते. ते काम करून घेतल्यावर काही महिन्यांतच हेडमधून, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्ह असलेल्या टोकाकडून, टिकटिक येऊ लागली होती आणि दोनदा टॅपेट (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधली फट) सेट करूनही ती गेली नव्हती. ऑइल मात्र पट्टीवर वरच्या खुणेला टेकलेले होते. ऑइल भरपूर असताना इंजिन का जळावे, या प्रश्नाचे उत्तर शेवटी उजव्या कव्हरच्या आत मिळाले. तेथपर्यंत ज्या क्रमाने पोचलो, तो क्रम या लेखात मांडतो. घरी इंजिन खोलणाऱ्याने नटबोल्ट सोडण्याच्या कौशल्याआधी हा क्रम अंगी बाणवावा, असे मला मनापासून वाटते.

उदाहरण म्हणून ९७.२ सीसीचे हे इंजिन घेण्याचे कारण साधे आहे. १९८५ मध्ये आलेल्या सीडी १०० मध्ये आणि १९९४ मध्ये आलेल्या स्प्लेंडरमध्ये मुळात एकाच ठेवणीचे इंजिन आहे, त्याचे सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात, आणि एकच सिलिंडर, हवेवर थंड होणारी रचना व दोनच व्हॉल्व्ह असल्यामुळे शिकण्यासाठी याहून सोपे इंजिन सापडणे कठीण आहे. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ५० मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ४९.५ मिमी हे दोन आकडे लक्षात ठेवावेत, कारण पुढची सगळी मोजमापे त्यांच्याभोवती फिरतात.

पाना हातात घेण्याआधी

गाडी मेन स्टँडवर, उजेडात आणि मोकळ्या हवेत उभी करावी. जवळपास शेगडी, देवघरातला दिवा किंवा पेटती उदबत्ती नसावी. बॅटरीची वजा बाजूची वायर आधी काढावी, मात्र प्लगची ठिणगी तपासायची असेल तर ते काम त्याच्याही आधी उरकावे. ठिणगी पाहताना प्लग बॉडीला टेकवायचा, पण प्लगच्या भोकापासून लांब, कारण किक मारताना त्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर फेकली जाते.

पहिली परीक्षा हाताने करायची. किक अजिबात खाली जात नसेल तर इंजिन जाम आहे, असा निष्कर्ष घाईने काढू नये. किकचा गिअर अडकला असला तरी लक्षण हेच दिसते. याउलट किक हवेत मारल्यासारखी अलगद जात असेल, तर कॉम्प्रेशन गेले असेल किंवा क्लच घसरत असेल, कारण या इंजिनात किकचा जोर क्लचमधूनच क्रँकपर्यंत, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्यापर्यंत, पोचतो. ही शंका फेडण्यासाठी डाव्या कव्हरवरचे मोठे गोल झाकण काढावे आणि मॅग्नेटच्या (क्रँकच्या डाव्या टोकावरच्या चुंबकी चाकाच्या) नटाला बॉक्स पाना लावून, प्लग काढलेला असताना, क्रँक घड्याळाच्या उलट दिशेने सावकाश फिरवावी. ती कुठे जड लागते, कुठे करकरते, कुठे अडते, हे तळहाताला जितके कळते तितके कोणत्याही यंत्राला कळत नाही. अडलीच तर जोर लावू नये. प्लगच्या भोकातून थोडे ऑइल सोडून रात्रभर ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी पुढे-मागे हलवत मोकळी करावी, कारण जाम रिंग (पिस्टनभोवतीचे कडे) जोराने ओढली तर सिलिंडरच्या भिंतीवरचे मूळ ओरखडे कुठले आणि आपण पाडलेले कुठले, हे नंतर सांगता येत नाही.

यानंतर कॉम्प्रेशन गेज लावावे. अॅक्सिलरेटर पूर्ण उघडा धरून पाच-सहा दमदार किक माराव्यात. तो बंद राहिला तर आत हवाच जात नाही आणि चांगले इंजिनही आजारी दिसते. आकडा कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजायची पद्धत सर्वश्रुत आहे: आकडा वाढला तर दोष रिंगांत किंवा बोअरमध्ये, न वाढला तर व्हॉल्व्हमध्ये किंवा हेडच्या पॅकिंगमध्ये. स्प्लेंडरचा सिलिंडर मात्र जवळजवळ आडवा आहे, त्यामुळे घातलेले ऑइल खालच्या बाजूला साचते आणि वरच्या अर्ध्या रिंगेपर्यंत नीट पोचत नाही. म्हणून या इंजिनात ऑइल घातल्यानंतर क्रँक हाताने दोन-चार वेळा फिरवूनच किक मारावी, आणि तरीही या परीक्षेवर एकटीवर भिस्त ठेवू नये.

अधिक भरवशाची परीक्षा हवेची आहे. जुन्या प्लगमधली चिनी माती फोडून काढून त्याच्या लोखंडी भागाला ट्यूबचा व्हॉल्व्ह झाळून घेतला की जोडणी तयार होते. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणावा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी, मॅग्नेटच्या नटावरचा पाना काढून घ्यावा, कारण हवेच्या दाबाने क्रँक अचानक फिरू शकते, आणि मग पंपाने हवा भरावी. सूं असा आवाज कार्बोरेटरमधून आला तर इनटेक व्हॉल्व्ह गळतो आहे, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, आणि ऑइल भरण्याच्या भोकातून आला तर हवा रिंगांना ओलांडून खाली उतरते आहे. मामांच्या गाडीत हवा ऑइलच्या भोकातून स्पष्ट येत होती आणि सायलेन्सरकडूनही हलकी कुजबुज होती.

धुराचेही ऐकून घ्यावे. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करताच निळा धूर सोडून नंतर स्वच्छ होत असेल, तर संशय व्हॉल्व्हच्या सीलवर जातो. पिकअप घेताना सतत निळा धूर येत असेल, तर रिंगांवर. काळा धूर हा जास्त पेट्रोलचा असतो, आणि त्यासाठी इंजिन खोलणे म्हणजे पडशासाठी पोट फाडण्यासारखे आहे.

ऑइल ओतून देऊ नका, वाचा

बूच सोडून ऑइल स्वच्छ पांढऱ्या भांड्यात काढावे आणि तासभर निवळू द्यावे. त्यात चुंबक फिरवावे. चुंबकाला चिकटणारी बारीक पूड थोडी असणारच, पण टोकदार कपचे असतील तर गिअरचा दात किंवा बेअरिंग गेले आहे. चुंबकाला न चिकटणारी चंदेरी चकाकी म्हणजे पिस्टनचे किंवा हेडमधल्या कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) बैठकीचे अॅल्युमिनियम. काळपट मऊ गाळ बहुधा क्लच प्लेटचा असतो. ऑइल दुधाळ दिसले तर घाबरू नये. या इंजिनात कूलंट नसतेच, त्यामुळे ते पाणी पावसाचे, सर्व्हिसिंगच्या फवाऱ्याचे किंवा पुरात गाडी बुडाल्याचे असते.

आमच्या भांड्याच्या तळाशी चंदेरी चकाकी तर होतीच, पण तिच्यासोबत राखाडी रंगाचे, रबरासारखे ताणले जाणारे दोन बारीक धागे सापडले. त्या वेळी ते काय आहे हे उमगले नाही. मी ते कागदाच्या पुडीत बांधून तारीख घालून ठेवले, आणि पुढे सगळा उलगडा त्यांच्यामुळेच झाला.

खाली उतरवण्याआधी सैल करायच्या गोष्टी

इंजिन फ्रेममध्ये पक्के असेपर्यंतच काही नट सुटतात. टेबलावर आल्यावर ते धरायला काही उरत नाही. पुढच्या स्प्रॉकेटचे बोल्ट मागचा ब्रेक दाबून सैल करावेत. मॅग्नेटचा नटही, क्लच घसरत नसेल तर, गाडी टॉप गिअरमध्ये टाकून आणि मागचा ब्रेक दाबून सुटतो. कव्हरांचे चौफुली स्क्रू जपानी जेआयएस खाचेचे असतात. त्यांत साधा स्टार ड्रायव्हर नीट बसत नाही आणि खाच फिरते. हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर या एका कामासाठी विकत घ्यावा, त्याचे पैसे पहिल्याच दिवशी वसूल होतात.

त्यानंतर पेट्रोलचा कॉक बंद करून पाइप, कार्बोरेटर, सायलेन्सर, गिअरचा लिव्हर, क्लच केबल, चेन, वायरिंगचे कपलर आणि फूटरेस्ट सोडवावेत. प्रत्येक टप्प्यावर मोबाइलने फोटो घ्यावा. इंजिन उतरवायला दोन माणसे लागतात. एकाने वजन तोलावे आणि दुसऱ्याने शेवटचा बोल्ट ओढावा.

बोल्टांसाठी माझी पद्धत पुठ्ठ्याची आहे. जाड पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार पेन्सिलने काढायचा, स्क्रूच्या जागी भोके पाडायची आणि निघेल तो स्क्रू त्याच भोकात खोचायचा. एकाच कव्हरला तीन वेगवेगळ्या लांबीचे स्क्रू असतात. लांब स्क्रू आखूड जागी बसवून आवळला तर तो तळाशी टेकतो, आवळल्यासारखा वाटतो, पण कव्हर सैलच राहते किंवा अॅल्युमिनियमचे आटे निघून येतात.

वरून खाली

पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणावा, म्हणजे मॅग्नेटवरची 'टी' खूण कव्हरच्या खाचेसमोर येते आणि दोन्ही रॉकर मोकळे हलतात. याच स्थितीत फीलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पट्टीने) टॅपेटचे अंतर मोजून लिहून ठेवावे. ते थंड इंजिनात ०.०५ मिमी असायला हवे. मग टायमिंग चेनचा ताण सोडावा. टेन्शनरचा बोल्ट खालून काढताना आतली स्प्रिंग उडते, तिच्याखाली हात धरावा. कॅमचे स्प्रॉकेट काढण्यापूर्वी त्यावरची वर्तुळाची खूण हेडवरच्या खाचेसमोर आहे का, हे पाहावे. नसेल, तर चेन दात चुकली आहे आणि बिघाडाचे अर्धे उत्तर येथेच मिळाले. चेनला तारेचा तुकडा बांधून ठेवावा, नाहीतर ती आत पडते.

हेडचे चार नट तिरक्या, समोरासमोरच्या क्रमाने, एकेका नटाला थोडे थोडे सैल करत सोडावेत. एक नट पूर्ण सोडून दुसऱ्याकडे गेल्यास हेड वाकते. या नटांपैकी एकाखाली तांब्याचा वॉशर असतो, त्याची जागा लिहून ठेवावी. हेड चिकटले असेल तर रबरी किंवा लाकडी ठोकणीने कडेला हलके ठोके द्यावेत. फटीत स्क्रूड्रायव्हर घालून उचकटण्याचा मोह टाळावा, कारण त्या एका चऱ्यातून पुढे जन्मभर ऑइल झिरपते.

येथे एक नियम कडक पाळावा: कोणताही भाग आधी पाहायचा, फोटो काढायचा आणि मगच पुसायचा. डिझेलने धुतलेला पिस्टन सुंदर दिसतो, पण तो काही सांगत नाही. पिस्टनच्या माथ्यावरची काजळी कोरडी की ओली, प्लगच्या टोकाचा रंग कोणता, रिंगा खाचेत फिरतात की काजळीने चिकटल्या आहेत, या सगळ्या गोष्टी चिंधीच्या एका फटक्याने नाहीशा होतात.

हेडमध्ये कॅम आणि रॉकर आधी पाहावेत. ऑइलच्या प्रवासात हेड सर्वांत शेवटी येते, म्हणून ऑइल कमी पोचू लागले की पहिली झळ कॅमला बसते. मामांच्या गाडीचा कॅम मी नखाने चाचपला: एक्झॉस्टच्या उंचवट्यावर नख अडेल इतकी खोल खाच होती आणि रॉकरच्या टोकाचा गुळगुळीत पृष्ठभाग खवल्यासारखा निघाला होता. टॅपेट सेट करूनही टिकटिक का थांबत नव्हती, हे त्या क्षणी कळले. अंतर फीलर गेजच्या सपाट पट्टीने मोजले जात होते, आणि झीज खड्ड्यासारखी होती. व्हॉल्व्हची परीक्षा साधी आहे. हेड पोर्टचे तोंड वर येईल असे धरून पोर्टमध्ये थोडे डिझेल ओतावे आणि व्हॉल्व्हच्या कडेने ते पाझरते का ते दहा मिनिटे पाहावे. किंचित ओल आली तर पेस्ट लावून व्हॉल्व्ह घासून भागते. धार लागली तर सीट किंवा व्हॉल्व्ह लेथवाल्याकडे न्यावा लागतो.

बोअर सरकवून काढताना क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ कापड कोंबावे, कारण गजन पिनचे (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनचे) सर्क्लिप हमखास तेथेच उडी मारते. पिस्टनवर 'इन' अशी खूण असते आणि ती इनटेकच्या, म्हणजे या इंजिनात वरच्या, बाजूला असते. पूर्वीच्या कामात ती उलटी बसली नव्हती ना, हेही पाहून घ्यावे.

पिस्टनवरचे ओरखडे निवांत वाचावेत. चारही बाजूंना थोडे थोडे चरे असतील तर पिस्टन गरमीने फुगून बोअरमध्ये घट्ट झाला आहे. नव्या बोअरला सुरुवातीच्या किलोमीटरमध्येच ताणल्यावर किंवा बोअरिंग घट्ट झाल्यावर असे होते. फक्त एक्झॉस्टच्या बाजूला चरे असतील तर इंजिन अति तापले आहे, आणि मग कार्बोरेटरचे पातळ मिश्रण किंवा चिखलाने बुजलेल्या फिन तपासाव्यात. माथ्याला भोक असेल तर चुकीचा प्लग किंवा इग्निशनचा दोष शोधावा. आणि पिस्टनच्या घेराचा मोठा भाग मंद, करडा, घासून निघाल्यासारखा असेल तर तो कोरडा धावला आहे. आमचा पिस्टन असाच होता.

बोअर वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी दोन काटकोनी दिशांना मोजावा. घरी बोअर गेज नसेल तर रिंगेकडून काम करून घेता येते. वरची रिंग एकटीच बोअरमध्ये घालून पिस्टनने सरळ ढकलावी आणि तोंडातली फट फीलर गेजने मोजावी. हीच फट बोअरच्या तळाशी, जेथे झीज जवळजवळ होत नाही, तेथे पुन्हा मोजावी. दोन फटींतल्या फरकाला ३.१४ ने भागले की व्यासातला फरक मिळतो. म्हणजे फट वर ०.५५ आणि खाली ०.२४ मिमी असेल, तर बोअर वर सुमारे ०.१० मिमीने मोठा झाला आहे. असा बोअर पुढच्या मापाच्या पिस्टनला करून घ्यावा लागतो.

हाफ की फुल

गॅरेजच्या भाषेत हेड आणि बोअर-पिस्टनपुरते काम म्हणजे हाफ इंजिन, आणि क्रँककेस फोडून क्रँक, बेअरिंग व गिअरपर्यंत जाणे म्हणजे फुल इंजिन. खर्चात मोठा फरक असल्यामुळे हा निर्णय अंदाजाने होऊ नये. तो पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडवर होतो. क्रँक वरच्या टोकाला आणून रॉड दोन्ही हातांनी धरावा आणि त्याच्या लांबीच्या दिशेने सरळ ओढावा व ढकलावा. या दिशेने हाताला जाणवेल असा खेळ असताच कामा नये. बारीक टक् झाली तरी बिग एंड, म्हणजे रॉडचे क्रँककडचे बेअरिंग, गेले. डावीकडे-उजवीकडे मात्र रॉड थोडा सरकायलाच हवा, ती फट मुद्दाम ठेवलेली असते. या बाजूच्या हालचालीला घाबरून कितीतरी लोक चांगली क्रँक बदलतात, आणि ओढून न पाहिल्यामुळे कितीतरी लोक खराब क्रँकवर नवा बोअर चढवतात. रॉडचा खालचा भाग निळसर दिसत असेल तर तो ऑइलविना तापला आहे आणि पुढे काही पाहण्याची गरज नाही.

मामांच्या गाडीत टक् स्पष्ट ऐकू आली.

आता उजवे कव्हर. या इंजिनात कागदी ऑइल फिल्टर नसतो. क्रँकच्या उजव्या टोकाला एक रोटर असतो, जो फिरण्याच्या वेगाने ऑइलमधला गाळ बाहेरच्या भिंतीला फेकून धरतो, आणि खाली ऑइल पंपाकडे जाणाऱ्या वाटेवर एक बारीक जाळी असते. रोटरच्या लॉकनटला चार दातांचा खास पाना लागतो. छिन्नीने ठोकून तो काढलेल्या खुणा मला बहुतेक जुन्या इंजिनांत दिसतात. जाळी खाचेतून सरळ ओढली की निघते. ती बाहेर काढली तेव्हा तिच्या दोन तृतीयांश भागावर राखाडी रबरासारखा थर बसला होता. पुडीतले धागे शेजारी ठेवून पाहिले: तीच वस्तू. आठ महिन्यांपूर्वी कव्हर बसवताना कोणीतरी नव्या पॅकिंगवर सिलिकॉन पेस्ट भरपूर थापली होती. आवळल्यावर जितकी बाहेर आली, तितकीच आतही गेली, सुकली, तुटली आणि पंपाने ओढून जाळीवर नेली. पट्टीवर ऑइल दिसत होते, पण क्रँकला आणि कॅमला ते पुरेसे मिळत नव्हते. पेस्ट वापरायचीच असेल तर कागदासारखा पातळ हात पुरतो, आणि चांगले कागदी पॅकिंग असेल तर तिची गरजही नसते.

क्रँककेस फोडण्याआधी मॅग्नेट त्याच मॉडेलच्या पुलरनेच ओढावा. हातोडी मारल्यास आतले चुंबक तडकतात आणि क्रँकचे टोक वाकते. मॅग्नेट निघताच खालची छोटी चावी सांभाळून ठेवावी. दोन्ही अर्धुके वेगळी करताना गिअर ज्या बाजूला राहतात ती बाजू खाली ठेवावी, आधी गिअरांचा आणि वॉशरांचा फोटो घ्यावा आणि मगच एकेक शाफ्ट उचलावा. बेअरिंग डिझेलने धुऊन, वाळवून, हाताने फिरवावीत. खरखर लागली तर बदलावीत. दाबाच्या हवेने कोरडे बेअरिंग गरागरा फिरवणे घातक आहे.

क्रँकचा बिग एंड घरी बदलता येत नाही. तो प्रेसवर उतरवून, नवा रॉड व पिन घालून, डायलवर सरळ करावा लागतो, आणि त्यासाठी क्रँक लेथवाल्याकडे पाठवावी. बोअर देताना मात्र आधी ओव्हरसाइज पिस्टन विकत घ्यावा, म्हणजे झिजेच्या मानाने ०.२५ किंवा ०.५० मिमी मोठा, आणि तो पिस्टन बोअरसोबत लेथवाल्याच्या हातात द्यावा. बोअर डब्यावरच्या आकड्याला नव्हे, तर त्या पिस्टनच्या प्रत्यक्ष मापाला करायचा असतो. क्रँक परत येईपर्यंतच्या चार दिवसांत मी क्रँककेसमधली ऑइलची प्रत्येक वाट पिचकारीने डिझेल मारून साफ केली. हेडकडे जाणाऱ्या वाटेतून पहिल्या फवाऱ्याबरोबर राखाडी सिलिकॉनचा आणखी एक तुकडा बाहेर आला, तांदळाच्या दाण्याएवढा.